न धुतलेला दगड

आमच्या गावात हल्ली एक गोष्ट सांगतात. फार वर्षांपूर्वी म्हणे नदीकडच्या वस्तीत एक गरीब, भाविक बाई राहायची. ती रोज पहाटे गोदावरीच्या डोहावर जायची आणि साती आसरांचा दगड आपल्या पदरानं धुवायची. तिच्या सेवेला भुलून एका शुक्रवारी त्या सातही जलदेवी पाणमांजरांच्या रूपात वर आल्या आणि त्यांनी अख्ख्या गावाला दर्शन दिलं. गेल्या वर्षी गावातल्या एका लग्नाला गेले होते, तेव्हा ही गोष्ट मलाच ऐकवण्यात आली, तीही हात जोडून. ती बाई म्हणजे माझी माय. गरीब होती हे खरं. बाकी त्या गोष्टीत नदी सोडली तर खरं काही नाही. मायनं तो दगड धुतला नाही. पदरानं नाही, हातानं नाही, एकदाही नाही. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासून चूक दिसली की लाल शाई काढायची मला सवय लागली आहे, आणि ही चूक माझ्या मायच्या नावावर आहे. म्हणून हे लिहिते.

आमचं घर वस्तीच्या टोकाला, नदीच्या दरडीवर होतं. दोन खण, पुढे तुराट्यांचा कूड, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली माझं दप्तर टांगायचा खिळा. वारा पलटला की शहागडच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे घरात ऐकू यायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, परतूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. आले की अंगणात उभे राहून आधी कपडे झटकायचे, तरी सरकीचा वास त्यांच्याबरोबर आत यायचाच. घर चालायचं मायच्या हातावर. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी येसराचं कालवण, आणि नदीत पाणी असेल तोवर मासळी. मासळीसाठी जाळं लागत नसे. माय आणि मी जुनं लुगडं दोन्ही टोकांना धरून उथळ पाण्यातून ओढत न्यायचो. त्यात झिंगे यायचे, बोटाएवढी चिल्लर मासळी यायची, एखादं खेकडं यायचं. मीठ-मिरची लावून तव्यावर टाकली की तो वास दरड उतरून खाली जायचा. आमच्या घराला मासळीचा वास आहे हे गावाला ठाऊक होतं. पाटलांच्या घरीही पावसाळ्यात मरळ शिजायची, पण त्या वासाला कुणी नाव ठेवलेलं मला आठवत नाही.

दिवाळी झाली की नदी आत सरकायची आणि वाळूचा पट्टा उघडा पडायचा. या वाळूत टरबूज, खरबूज, काकडी करायची आमच्याकडे रीत होती. वाळूच्या पट्ट्या पाडायच्या आणि कोणाला कुठली हे घागरीतून ठरवायचं. प्रत्येक घरानं आपली एक खूण घागरीत टाकायची. कुणी सुपारी टाकी, कुणी चिंचोका, कुणी कवडी. माय आपल्या फुटक्या हिरव्या बांगडीचा तुकडा टाकायची. त्या वर्षी तो तुकडा दुसऱ्याच खेपेला निघाला आणि आसरांच्या डोहाशेजारची पट्टी आम्हाला आली. पाण्याला सगळ्यात जवळ, ओल दोन हातांवर. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण घागरीपुढे कुणाचं काय चालणार? आम्ही वाळू उकरून सरी काढली, तळाशी मेंढरं राखणाऱ्या गयाबाईकडचं लेंडीखत घातलं, बी ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ऊब दिली आणि मोड दिसले तशी टोचली. वाऱ्यानं वाळू उडून वेल गाडले जाऊ नयेत म्हणून तुराट्यांची आडभिंत उभी केली. शाळेला जायच्या आधी घागरीनं पाणी घालणं माझं काम होतं. मी सातवीत होते. थंडीनं बोटं आखडायची, पण मला ते काम आवडायचं, कारण त्या आडभिंतीच्या फटीतून डोह दिसत असे.

डोहावर कुणी जात नसे. आसरा बायांना, पोरींना पाण्यात ओढतात अशी समजूत होती, म्हणून तिथं धुणं नाही, मासे धरणं नाही, ढोरांना पाणी नाही. पाणी आत गेलं की डोहाच्या काठावर एक सपाट काळा दगड वर यायचा. त्यावर शेंदूर फासलेले सात गोटे ओळीनं मांडलेले होते. वर्षातून एकदा, पौषातल्या शेवटच्या शुक्रवारी, गावातल्या बाया तिथं ओटी भरायला यायच्या. एरवी तो सारा काठ मोकळा. माणूस फिरकत नाही अशी जागा पाणमांजरांनी बरोबर हेरली होती.

पहिल्यांदा मला नुसती शीळ ऐकू आली. वाटलं, पलीकडून कोणी गुराखी शीळ घालतो आहे. मग पाण्यावर तीन डोकी दिसली, चपटी, कानांच्या जागी नुसते ठिपके. ती तिघं एका ओळीत पोहत होती, मधलं जरा मागे, आणि त्यांच्या पुढे पाणी नुसतं उसळत होतं. मासळी हाकत हाकत त्यांनी उथळात आणली आणि मग जी झडप घातली ती बघत राहावी. आम्ही मायलेकी लुगड्यानं जे करायचो तेच ती लुगड्याशिवाय करत होती. मासा पुढच्या दोन्ही पंजांत उभा धरायचा आणि डोक्याकडून कचाकचा खायचा, डोळे मिटून, भाकरी खाल्ल्यासारखा. खाऊन झालं की वाळूत लोळायचं, पाठ घासायची, पोट घासायचं, केस कोरडे होईपर्यंत. आणि मग त्या काळ्या दगडावर चढायचं, शेपूट उचलायची आणि तिथंच हगायचं. जागा ठरलेली. एवढी नदी पडली होती, पण तिघांना तोच दगड हवा असायचा. त्या घाणीत माशांचे खवले चमकायचे, काटे असायचे, खेकड्याची कवचं असायची. मी मायला हाक मारून दाखवलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "आपल्यावानीच हाय की," म्हणाली. "खायाचं बी मिळून आन् बाकीचं बी मिळून."

काही दिवसांनी दोनच दिसू लागली. नर आणि गेल्या वर्षीचं मोठं झालेलं पिल्लू. मादी कुठे गेली ते मायनं शोधलं. डोहाच्या पलीकडच्या दरडीत, उंबराच्या मुळ्यांखाली बीळ होतं, आणि नर तोंडात मासा धरून तिथं जाऊन येत होता. "बाळंतीण हाय," माय म्हणाली. त्यानंतर तिनं त्या बाजूला घागर बुडवणं बंद केलं, आणि मला ताकीद दिली की शाळेत, वस्तीत, कुठे म्हणून कुठे बोलायचं नाही. कारण मला ठाऊक होतं. शहागडच्या हायवेवरच्या एका हॉटेलात खाकी कोटातला एक माणूस बसायचा. तो ट्रकांमधून कातडी पाठवायचा. घोरपड, कोल्हा, पाणमांजर. एकदा माय काकड्या विकायला गेली होती तेव्हा त्यानं तिलाच विचारलं होतं, नदीला पाणमांजर आहे का म्हणून. त्याच्या बाकड्याखाली लोखंडी चापांचं पोतं मी पाहिलं होतं.

पिल्लं बाहेर आली ती पौष लागल्यावर. तीन होती. पाण्याची त्यांना भीती वाटायची, हे मला फार नवल वाटलं. आई मानगुटीला धरून पाण्यात सोडायची, की ती ओरडत काठावर. पुन्हा धरायचं, पुन्हा सोडायचं. मला पोहायला मायनं असंच शिकवलं होतं. म्हणजे आता आई, बाप, थोरलं आणि तीन पिल्लं. सहा. मी रोज मोजली आहेत. सहा.

त्याच सुमारास पाटलांचा गडी ओटीच्या शुक्रवारची तयारी म्हणून शेंदूर घेऊन दगडावर गेला आणि तसाच माघारी पळत आला. आसरांच्या दगडावर मासळीची घाण आहे, खवले आहेत, काटे आहेत, असं त्यानं गावभर केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं झाडून काढलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग कुणाला शोधायची गरजच पडली नाही. मासळी खाणारं घर, नव्या धर्मात गेलेलं, देवाला न मानणारं, आणि पट्टी नेमकी डोहाशेजारी. चावडीवर बोलावणं आलं. अण्णा परतूरला होते, म्हणून माय गेली आणि मी तिच्या मागे गेले. पाटील बाजेवर बसले होते. गरजणारे नव्हते ते. हळू बोलायचे, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

"कौसा, तुमी देव सोडला, तुमचं तुमी बघा," ते म्हणाले. "पर आमच्या देवावर घाण काहून टाकता?"

"मी न्हाई टाकली."

"मंग कोणी टाकली?"

माय गप्प राहिली. पाटलांनी ते बरोबर पकडलं. "ठाऊक हाय तुला. तुझं तोंडच सांगून राह्यलं."

"ठाऊक हाय," माय म्हणाली. "सांगणार न्हाई. माणसाचं काम न्हाई येवढं सांगते."

लोक हसले. कोणी म्हणालं, मग काय भुतानं मासे खाल्ले? पाटलांनी हात वर केला आणि निकाल दिला. शुक्रवारच्या आत मायनं गावासमोर दगड धुवायचा, नारळ ठेवायचा, चुकलं म्हणायचं. नाहीतर पट्टी सोडायची, वेलांसकट. आमचे वेल तोवर वीतभर झाले होते. माय म्हणाली, "वेल माझे, पट्टी घागरीनं दिली. धुणार न्हाई." आणि ती वळून चालू लागली. मी तिच्या मागे.  

घरी आल्यावर मी तिच्यावरच उखडले. पाणमांजरांचं नाव सांगितलं असतं तर एका शब्दात सुटका होती. जनावरापायी आपण का म्हणून मान खाली घालायची? माय चुलीत काटक्या सारत होती. "मान कोणी घातली खाली?" ती म्हणाली. "आन् सांगून काय व्हईल? ह्ये लोक खाकी कोटवाल्याला आणतील. चाप लागतील. माझ्यावर आळ आला म्हून मी बाळंतिणीचं घर दाखवू? माझ्या शब्दावर इश्वास ठिवायचा आसंल तर ठिवावा. पुराव्यापायी सहा जीव द्यावे येवढी काय माझी इज्जत हलकी न्हाई." तेव्हा मला हे पटलं नाही. आजही पूर्ण पटलं आहे असं नाही. आपला शब्द खरा असून जगाला पुरावा लागतो याचा मला अजून संताप येतो, आणि पुरावा असताना तो झाकून ठेवणाऱ्या मायचाही थोडा येतो.

अण्णांना निरोप गेला आणि ते मधल्याच दिवशी आले. मायनं त्यांना झिंग्यांची चटणी आणि गरम भाकरी वाढली. जेवण होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग अण्णा म्हणाले, "सुमीची माय, एक डाव धू ना. तांब्याभर पाणी. काय जाऊन राह्यलं आपलं? सालभराचं पीक हाय."

"तुमी धुता का?"

"मी धुतो. मला काय लाज."

"न्हाई धुवायचा," माय म्हणाली. "तुमी बी न्हाई. एक डाव धुतला की ती घाण आपली व्हती. मंग दर साली, कुठं बी काय घाण दिसली की गाव तांब्या घिऊन आपल्याच दारात यील. आन् ह्या पोरीच्या बी दारात यील."

अण्णा बराच वेळ ताटात बोट फिरवत बसले. ते भित्रे नव्हते. गाठी उचलून त्यांचा खांदा एका बाजूला उतरला होता आणि आणखी एक ओझं त्यांना नको होतं, इतकंच. शेवटी म्हणाले, "बरं. न्हाई तर न्हाई." मला वडिलांचे जे चार शब्द जन्मभर पुरले त्यांतले हे आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडी धरावीच लागली, नाहीतर काम गेलं असतं.

शुक्रवारी उजाडायच्या आधीच माय आणि मी पट्टीवर जाऊन उभ्या राहिलो. पट्टी काढून घ्यायला येतील तेव्हा आम्ही तिथं असायला हवं असं तिचं म्हणणं होतं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. हातात खुरपं होतं, पण ते वेलांभोवतीच्या वाळूसाठी. थंडी मरणाची होती आणि वारा नदीकडून गावाकडे वाहत होता, म्हणजे माणसांचा वास पाण्याकडे जात नव्हता. हा वारा मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याच्याशिवाय पुढचं घडलं नसतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गावाची रीत. आसरांची ओटी भरायला मुक्यानं जायचं असतं. घरून निघाल्यापासून ओटी भरून होईपर्यंत बाईनं तोंडातून शब्द काढायचा नाही, पायात चप्पल घालायची नाही. बोललात तर आसरा पाण्यात बसून राहतात. त्यामुळे त्या पहाटे चाळीसेक बाया अनवाणी पायांनी, वाळूवरून, अवाक्षर न काढता डोहाकडे आल्या. सगळ्यांच्या पुढे गयाबाई, कारण तिच्या अंगात आसरा यायच्या. मागे जरा अंतर ठेवून पाटील आणि चारदोन पुरुष. मधे आमच्या तुराट्यांची आडभिंत. आडभिंत ओलांडून त्या पुढे आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

दगडावर पाणमांजरं होती. सूर्य नुकताच वर आला होता आणि ती ओली अंगं चमकत होती. बाप मरळ खात बसला होता. आई पिल्लांना एकेक करून पाण्यातून वर ओढत होती, आणि ती पिल्लं शेंदराच्या गोट्यांवरून घसरगुंडी करत होती. थोरलं दगडाच्या टोकाला गेलं, गोल फिरलं, शेपूट उचलली आणि साऱ्या गावासमोर त्यानं आपला विधी उरकला. मग बापानं. मग एका पिल्लानं, थोरल्याचं बघून, जरा तोल जात. बायांनी ताटं छातीशी धरली. एकीनं तोंडात पदर कोंबला. कोणाला बोलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, रीतच तशी होती. चाळीस बाया डोळे फाडून बघत होत्या आणि नदीवर पिल्लांच्या चिवचिवाटाखेरीज आवाज नव्हता. पाटील पुढे आले. त्यांनी बघितलं. त्यांच्या हातात नारळ होता, मायनं ठेवायचा म्हणून आणलेला.

आता मौन कोणीतरी मोडणार हे उघड होतं, आणि त्यानंतर काय होणार हेही मला दिसत होतं. दगड उचलले जातील, बीळ सापडेल, हॉटेलात निरोप जाईल. माय खुरपं गच्च धरून उभी होती. तेवढ्यात गयाबाईनं ताट वाळूवर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सात."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"साती जणी आल्या," गयाबाई म्हणाली. "मोजा." आणि तिनं वाळूत डोकं टेकलं.

त्या आवाजानं पाणमांजरं सावध झाली, शीळ झाली, आणि सगळी पाण्यात उतरली. मोजायला दगडावर कोणी उरलं नाही. एकेक करून बाया वाळूत टेकल्या. मागून कोणीतरी म्हणालं, हो, सातच होती, मी बघितली. दुसरी म्हणाली, एक पांढरी होती. पाच मिनिटांत सगळ्यांनी सात पाहिली होती. गयाबाईबद्दल इथं एक सांगायला हवं. तिची साठ मेंढरं संध्याकाळी वाड्यात शिरताना ती दाराशी उभी राहायची, बोट हलवायची नाही, ओठ हलवायची नाही, आणि एक कमी असलं तर तिला कळायचं. ती बाई सहाची सात मोजणारी नव्हती. शिवाय तिची मेंढरं रोज डोहाखालीच पाणी प्यायची. आम्ही जे दीड महिना बघत होतो ते तीही बघत असणार, हे मला त्या क्षणी समजलं.

पाटलांनी घसा साफ केला. "कौसाबाई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मायच्या नावापुढे त्यांनी बाई लावलं. "गैरसमज झाला. तुमची पट्टी तुमच्याकडं राहू द्या."

"पट्टी माझीच व्हती," माय म्हणाली. ती आडभिंतीच्या बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुमी दगड धुवा म्हणले व्हते. आता कोण धुणार?"

एक म्हातारी म्हणाली, "देवीचं हाय ते. धुवायचं नसतं, बाई."

"घाण तीच हाय," माय म्हणाली. "काल माझी व्हती तवा इटाळ व्हता. आज देवीची झाली. खवले तेच, काटे तेच. वास बी तोच हाय, घिऊन बघा." तिनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "मी म्हणले व्हते माणसाचं काम न्हाई. एकानं बी खरं मानलं न्हाई. आज जनावरानं साक्ष दिली तर हात जोडून राह्यले. माझं तोंड काय जनावराच्या ढुंगणापेक्षा खाली हाय का, पाटील?"

पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते नारळ हातात तसाच घेऊन दरड चढून गेले. चुकलं हा शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारला नाही, आणि पुढे वारले तोवर कधीच उच्चारला नाही. बायांनी ओटी भरली, घाणीला शिवणार नाही अशा बेतानं दहीभात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी गयाबाई मेंढरं घेऊन आमच्या अंगणात आली. मला राहवलं नाही. "मावशी, सहाच हायत," मी म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं. "कोणाला सांगणार हायेस का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मंग सातच," ती म्हणाली. मला वाटलं होतं माय तिचे पाय धरेल, निदान चहा तरी टाकेल. माय तिच्यावर चिडली होती. "तुझ्या अंगात येतंय म्हून त्यांनी मानलं," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर न्हाई सुटले मी. खोट्यावर सुटले."

"जीव वाचले का न्हाई?"

"वाचले."

"मंग रागव," गयाबाई म्हणाली आणि ओट्यावर बसली. थोड्या वेळानं मायनं चहा टाकला, पण कप जरा आपटूनच ठेवला. दोघी शेवटपर्यंत मैत्रिणी राहिल्या आणि या एका गोष्टीवर शेवटपर्यंत भांडल्या. मी कधी एकीच्या बाजूनं असे, कधी दुसरीच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला खाकी कोटवाला चापांचं पोतं घेऊन खरंच आला, आणि पाटलांनीच त्याला वेशीवरून हुसकावलं. आमच्या आसरा आहेत म्हणाले. आमची टरबुजं झाली, आणि चांगली झाली. पहिलं फळ पाटलांच्या घरी पोचवायची रीत होती. मायनं ते नेलं नाही. भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं दरडीवर बसून तिनं ते खुरप्यानंच फोडलं आणि आम्ही तिघींनी, माय, मी आणि गयाबाईनं, बिया वाळूत थुंकत खाल्लं. इतकं गोड टरबूज नंतर कधी मिळालं नाही असं लिहायचा मोह होतो, पण ते जरा पाणचटच होतं. पुढच्या वर्षांत वरून पाणी येणं कमी झालं, डोह उथळ झाला, मग वाळूही ट्रकांत बसून गेली. पाणमांजरं कधी गेली ते कोणी पाहिलं नाही. मी तेव्हा परतूरला शाळेत शिकवत होते.

गेल्या वर्षीच्या त्या लग्नात ही गोष्ट मला सांगितली ती गावच्या सरपंच बाईंनी. तरुण, हुशार मुलगी आहे, पाटलांच्या घरातली सून. ती मला डोहावर घेऊन गेली. दगडावर आता पत्र्याची शेड आहे आणि मागच्या भिंतीवर सात पाणमांजरं रंगवली आहेत. सातवं कडेला, जागा पुरली नाही म्हणून जरा चेपून काढलेलं. खाली त्या भाविक बाईचं चित्र, हातात तांब्या. मी तिला म्हणाले, ही माझी माय आहे. ती वाकून माझे पाय धरायला लागली. मी तिला धरून उभं केलं आणि सगळं सांगितलं, सहापासून चावडीपर्यंत, मायच्या तोंडचा शेवटचा प्रश्नही, तिच्याच सासऱ्याच्या बापाला विचारलेला. ती ऐकत राहिली. रागावली नाही. भिंतीवरच्या तांब्याकडे बघत तिनं विचारलं, "मंग मॅडम, शेवटी दगड धुतला कोणी?"

"कोणीच न्हाई," मी म्हणाले. "आखाडात पूर आला, तवा नदीनं धुतला."